टाळ अजून वाजतो आहे



माउलींच्या पालखीबरोबर आपण कधी चालला असाल, तर संध्याकाळची समाजआरती आपण पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दिवसभराची चाल संपवून पालखी तळावर येते. दिंड्या भोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा असा गजर चाललेला असतो की शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड उंच करतात, पुकारा होतो, आणि क्षणात सगळा तळ शांत होतो. एवढा अफाट समाज एका पुकाऱ्यासरशी गप्प झालेला पाहून नवखा माणूस थक्क होतो.

पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्या शांततेनंतरचे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी गप्प बसत नाही. तिचे टाळ वाजतच राहतात. तेवढ्या शांततेत ते चार टाळ सगळ्या तळाला ऐकू जातात. मग चोपदार स्वतः चालत त्या दिंडीपाशी जातात, काय झाले ते विचारतात आणि तोडगा काढतात. तक्रारी साध्याच असतात. कुणाकडे पाण्याचा टँकर पोचलेला नसतो, कुणाची राहुटीची जागा दुसऱ्याने धरलेली असते, कुठे चालीत क्रम मोडलेला असतो. समाधान झाले की टाळ थांबतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि त्यानंतर आरती.

आधी तक्रार, मग आरती, असा हा क्रम आहे. एका दिंडीचे टाळ वाजत आहेत तोवर माउलींची आरतीसुद्धा थांबते. हा क्रम आपण आपल्या शहरांना का लावत नाही, हा आजचा प्रश्न आहे. शहर घडवताना कोणाचे ऐकायचे? किती ऐकायचे? आणि ऐकणे हा नुसता शिष्टाचार आहे, की धर्म?

हा प्रश्न मी दुसऱ्याकडे बोट दाखवून विचारत नाही. त्यात मी स्वतः सापडलेला आहे.

मी पुण्यात एका सोसायटीत राहतो. आमच्या कुंपणाच्या भिंतीपलीकडे नाल्याकाठी एक वस्ती आहे. काही वर्षांपूर्वी त्या वस्तीसाठी सार्वजनिक शौचालय बांधायचे ठरले आणि जागा निघाली आमच्या भिंतीला लागून. सोसायटीत खळबळ उडाली. वास येईल, डास होतील, घरांच्या किमती पडतील. बैठक बसली आणि विरोधाचे पत्र लिहायचे काम माझ्याकडे आले, कारण माझे मराठी बरे आहे असे सगळ्यांना वाटते. मी ते पत्र मन लावून लिहिले. आमची सही-शिक्क्याची पत्रे कशी पोचवायची हे आम्हाला ठाऊक होते. जागा बदलली. शौचालय वस्तीच्या पार दुसऱ्या टोकाला, मोठ्या रस्त्यापलीकडे गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मी वारीला निघालो. एका मुक्कामी समाजआरतीच्या वेळी एका दिंडीचे टाळ थांबेनात. त्यांच्या बायकांच्या राहुटीची जागा दुसऱ्यांनी घेतली होती आणि बायकांना तळाच्या टोकाला, रस्त्याकडेला जावे लागले होते. चोपदार गेले, ऐकून घेतले, जागा परत मिळवून दिली. आम्ही सगळे तोवर उभे होतो. मला मोठे समाधान वाटले. माउलींच्या दरबारात न्याय कसा मिळतो, असे मी शेजारच्या वारकऱ्याला म्हटल्याचेही आठवते. भिंतीपलीकडची वस्ती तेव्हा माझ्या मनातही आली नाही.

परत आल्यावर, आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई उशिरा येऊ लागल्या. पत्नीने कारण विचारले तर म्हणाल्या, सकाळी रस्ता ओलांडून लांब जावे लागते, तिथे रांग असते, म्हातारी सासू आहे तिला धरून न्यावे लागते. त्या त्याच वस्तीत राहतात. पत्र कोणी लिहिले हे त्यांना माहीत नव्हते. दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी सांगून टाकले. मला वाटले होते त्या रागावतील. त्या हातातले भांडे खाली ठेवून एवढेच म्हणाल्या, "काका, एकदा विचारायचं तरी होतं."

वाचकहो, त्या एका वाक्यातून माझी अजून सुटका झालेली नाही. म्हणून हा लेख.

आता थोडे मागे जाऊ. शहराची भिंत आणि तिच्या पलीकडचा माणूस हा प्रश्न आपल्या संप्रदायाला नवा नाही. चोखोबांचा शेवट कसा झाला ते आपण कीर्तनात ऐकतो. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये, मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचे काम चालू असताना ती कोसळली आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले, असे परंपरा सांगते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारी समाधी दिली.

ही कथा ऐकताना आपले डोळे भरतात ते अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून. पण त्या भिंतीकडेही एकदा पाहावे. ती भिंत गावाच्या रक्षणासाठी होती. ज्यांनी ती बांधली, त्यांना त्या भिंतीच्या आत घर नव्हते. ज्या गावाचे रक्षण करायचे ते गाव त्यांचे नव्हते. श्रम तेवढे त्यांचे होते. भिंत कुठून जावी, किती उंच असावी, पाया भरला की नाही, हे त्यांना कोणी विचारले असेल? पाया कच्चा आहे हे कदाचित त्यांनाच सर्वांत आधी कळले असेल. हातात दगड त्यांच्या होता.

आपल्या परंपरेत सगळ्यांचे टाळ सारखे ऐकले गेले, असे म्हणण्याची सोय नाही. ज्याची समाधी महाद्वारी आहे त्याच्या समाजाला मंदिराचा उंबरा ओलांडता यावा म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. चोखोबांच्या समाधीपासून त्या दिवसापर्यंत सहाशे वर्षे गेली. एवढा काळ एक टाळ वाजत होता आणि आरत्या चालूच होत्या.

आजची शहरे याहून वेगळी आहेत का? २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. कात्रजच्या बाजूने येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, पाणी सोसायट्यांत शिरले, वस्त्यांत शिरले, भिंत कोसळून माणसे गेली. पाण्याने भेद केला नाही असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच खरे आहे. ज्याचे घर दुसऱ्या मजल्यावर होते त्याची गाडी वाहून गेली. ज्याचे घर ओढ्याच्या काठाला टेकलेले होते त्याचे सगळेच गेले. कोणत्या पावसात पाणी कितव्या पायरीपर्यंत येते, कुठल्या मोरीत ते तुंबते, हे ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या बाईला पाठ असते. नकाशावर मात्र ओढा ही एक निळी रेघ असते आणि रेघ थोडी सरकवली तर कागदाला काही होत नाही.

आणि शहराच्या भिंतीपलीकडे फक्त वस्ती नसते. पंढरपूरही आहे. पुणे पाणी पिते ते खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतले. वापरून झाल्यावर ते मुळा-मुठेत जाते आणि त्यातले सगळे शुद्ध होऊन जात नाही. मुळा-मुठा भीमेला मिळते. इंद्रायणी देहू आणि आळंदी करून तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीच्या घाटावर तिच्या पाण्यावर तरंगणारा फेस आपण आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. भीमा उजनीच्या धरणात साठते आणि उजनीतून सोडलेल्या पाण्यात आषाढीला आपण चंद्रभागेचे स्नान करतो. म्हणजे मी पुण्यात सकाळी मोरीत जे सोडतो, त्याच्याकडेच मी पुढे २५० किलोमीटर पायी चालत जातो आणि त्याला तीर्थ म्हणून हात जोडतो. २०१६ मध्ये सरकारने नमामि चंद्रभागा नावाने काम हाती घेतले. पण नदी स्वच्छ करायची जागा पंढरपुरात कमी आणि वरच्या शहरांत जास्त आहे. पुण्याचा आराखडा ठरतो तेव्हा पंढरपूरच्या वाळवंटातल्या कोळी बांधवाचा टाळ तिथे कोणाला ऐकू येतो?

आता कोणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वराज्याचा अधिकार दिला आणि ३ लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे सांगितले. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा आधी प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या प्रभागातले छोटे काम अंदाजपत्रकासाठी सुचवता येते. मुंबईच्या आराखड्याचा २०१५ चा मसुदा तर लोकांनी त्यातल्या चुका दाखवून दिल्यावर मागे घेऊन नव्याने करावा लागला. दार आहे, यात शंका नाही. पण त्या दारापर्यंत कोण पोचतो? हरकतीचा अर्ज लिहायला रजा काढावी लागते, नकाशा वाचता यावा लागतो, कोणत्या खिडकीशी जायचे हे ठाऊक असावे लागते. रोजंदारीवरच्या माणसाला ती एक दिवसाची मजुरी पडते.

इथे माझ्या मनातली सर्वांत मोठी अडचण आहे. आमच्या सोसायटीने लिहिलेले पत्र, तेही लोकांचे म्हणणेच होते. लोकांना विचारा, लोकांचे ऐका, असे म्हणताना आपण हे विसरतो की ऐकले जाते ते बहुधा आमच्यासारख्यांचे. आम्ही टाळ वाजवला आणि चोपदार धावत आमच्याकडे आले. त्यामुळे दुसऱ्या कोणाची राहुटी टोकाला गेली. म्हणून नुसते 'ऐका' म्हणून भागत नाही. कोणाचा टाळ आधी ऐकायचा, हा धर्माचा प्रश्न आहे.

समाजआरतीत याचे उत्तर आहे असे मला वाटते. तिथे ऐकणारा चालत जातो. तक्रार त्याच्याकडे यायची वाट पाहत नाही. तिथे ऐपत पाहिली जात नाही. दिंडी मानाची असो की मागची लहानशी असो, टाळ तेच. आणि तिथे आधी बाकी सगळे गप्प बसतात. आम्ही गप्प बसलो तरच त्या चार टाळांचा आवाज येतो. शहरात हे तिसरे सर्वांत अवघड आहे. ज्याचा आवाज मोठा आहे त्याने थोडा वेळ शांत राहणे, ही एक साधना आहे.

असे कुठे घडले आहे का? घडले आहे, आणि शौचालयाच्याच बाबतीत, पुण्यातच घडले आहे. साधारण १९९९ ते २००१ या काळात पुणे महापालिकेने वस्त्यांतली सार्वजनिक शौचालये संस्थांमार्फत आणि वस्तीच्या सहभागाने बांधायचे ठरवले. दोन-तीन वर्षांत अशी ४०० हून अधिक शौचालये उभी राहिली. स्पार्क या संस्थेबरोबर महिला मिलनच्या बायका या कामात होत्या. ज्यांनी आयुष्यभर रांगा लावल्या त्यांनीच काही ठिकाणी बांधकामाची जबाबदारी घेतली. त्यांनी काय बदलले ते पाहावे. बायकांची आणि पुरुषांची रांग वेगळी केली, कारण एकच रांग असली की पुरुष पुढे घुसतात. मुलांसाठी लहान, वेगळी जागा केली, कारण मोठ्यांच्या गर्दीत मुलांना बाहेर ढकलले जाते आणि ती उघड्यावर बसतात. काही ठिकाणी राखण करणाऱ्याच्या कुटुंबाला तिथेच खोली बांधली, म्हणजे सफाई टिकते. या गोष्टी कुठल्या पुस्तकात नव्हत्या. त्या रांगेत उभे राहिलेल्यालाच माहीत असतात.

दुसरे उदाहरण कचऱ्याचे. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. हमाल पंचायतीचे बाबा आढाव या कामाशी जोडलेले होते. 'एक गाव एक पाणवठा' हे त्यांचेच आंदोलन. पुढे २००८ मध्ये कचरावेचकांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरड्यावर वाकणारी बाई दारात येऊन ओला आणि सुका कचरा वेगळा मागू लागली. शहराला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे तिच्याइतके कोणाला कळणार? आपण टाकतो ते तिच्या हातातून जाते. तरीही कितीतरी इमारतींत तिला पाहुण्यांच्या लिफ्टने वर येऊ देत नाहीत. तिच्या हातावर शहर उभे आहे आणि ती अजून कुसाबाहेर.

आता पूर्वपक्षाचे ऐकू, कारण तो खोटा नाही. तो म्हणतो, प्रत्येकाला विचारत बसलो तर काहीच बांधून होणार नाही. रस्ता अडेल, पूल अडेल, पाणी अडेल. शिवाय सांडपाण्याच्या नळाचा उतार किती असावा हे लोकांनी हात वर करून ठरवायचे का?

त्याला माझे उत्तर असे. नळाचा उतार अभियंत्यानेच ठरवावा. पालखी उद्या किती वाजता निघणार हेही तळावर मते घेऊन ठरत नाही. पण नळ कोणाच्या दारातून जाणार, कोणाचे घर त्यासाठी हलणार आणि हललेल्या माणसाला कुठे जागा मिळणार, हे नळाच्या उताराचे प्रश्न नाहीत. ते न्यायाचे आहेत. आणि वेळेचे म्हणाल तर समाजआरती रात्रभर चालत नाही. तक्रार ऐकली जाते, निर्णय दिला जातो, आणि निर्णय झाल्यावर त्या दिंडीनेही टाळ थांबवायचे असतात. हट्टाने वाजवत राहणे हाही दोषच. ऐकणाऱ्याने चालत जायचे आणि ऐकवणाऱ्याने थांबायचे, अशी दोन्हीकडची शिस्त आहे. म्हणूनच लाखांचा समाज रोज नवे गाव वसवतो, रोज मोडतो आणि पंढरीला वेळेवर पोचतो.

अजून एक गोष्ट पूर्वपक्षाने लक्षात घ्यावी. न विचारता बांधलेले लवकर होते, पण टिकत नाही. वस्तीला नको त्या जागी बांधलेले शौचालय ओस पडते, त्याची दारे जातात, दिवे जातात. विचारून बांधलेल्याला राखणारे हात आधीच मिळालेले असतात.

आणि आपल्या घरचेही सांगायला हवे. वारीने वाटेवरच्या गावांना वर्षानुवर्षे जे मागे ठेवले, ते कोण उचलत होते? पंढरपुरात यात्रेनंतर हाताने मैला उपसावा लागत होता. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागावी लागली, तेव्हा कुठे शौचालयांची सोय वाढली. पुढे पालखी मार्गावर फिरती शौचालये आली आणि गावे सुटकेचा श्वास टाकू लागली. तो टाळ आपल्या अगदी जवळ वाजत होता. आपण भजनात दंग होतो. भक्ती माणसाला बहिरे करू शकते, हे आपण आपल्या अनुभवावरून कबूल केले पाहिजे.

विठ्ठल विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता, म्हणून देव थांबला. ज्याच्यासाठी सगळे थांबतात तो स्वतः एका सामान्य माणसाचे काम पुरे होईपर्यंत थांबला. थांबणे हे आपल्या देवाचे रूपच आहे. मग एखाद्या आराखड्याने, एखाद्या उद्घाटनाने, आमच्यासारख्या एखाद्या सोसायटीने थोडे थांबायला काय हरकत आहे?

पुढचे सांगून संपवतो. मी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला. बरीच बोलाचाल झाली. काही शेजारी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. शेवटी आम्ही विरोध मागे घेतल्याचे पत्र दिले; तेही मीच लिहिले, आणि या वेळी आधी वस्तीत जाऊन दोन संध्याकाळी बसलो, मग लिहिले. पण तोवर दुसरीकडे बांधकाम झालेले होते आणि भिंतीजवळच्या जागेचा निर्णय अजून झालेला नाही. त्या बाई अजूनही सासूला धरून रस्ता ओलांडतात. पत्र लिहायला मला एक संध्याकाळ लागली होती. ते पुसायला किती वर्षे लागतील, ते पांडुरंगाला ठाऊक.

वाचकहो, येत्या आषाढीला आपण तळावर असाल आणि चोपदारांचा दंड वर जाईल, तेव्हा कान द्या. कुठल्या दिंडीचे टाळ वाजत आहेत ते ऐका. मग घरी परतल्यावर, आपल्या सोसायटीच्या, आपल्या वाड्याच्या, आपल्या गल्लीच्या भिंतीपाशी एकदा तसेच शांत उभे राहा. आवाज येईल. तो आला की पत्र लिहायला बसू नका. आधी चालत जा आणि विचारा.

रामकृष्णहरी.